पण गातंय कोण?

आमच्या मंडळाच्या यंदाच्या स्नेहसंमेलनाचा विषय होता 'आठवणीतली नव्वदी'. चाळिशी ओलांडलेल्या तिघी जणी डोक्याला मांजरीचे कान लावून, मागं शेपटी खोचून स्टेजवर आल्या आणि 'जोसी अँड द पुसीकॅट्स' या कार्टूनच्या सुरुवातीच्या गाण्यावर मनसोक्त नाचल्या. टाळ्या पडल्या. शिट्ट्यासुद्धा पडल्या, त्या आमच्याच पोरांनी मारल्या. निवेदन करणारी म्हणाली, "किती निरागस होते ना ते दिवस!"

मीही टाळ्या वाजवल्या. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल, हिला दुसऱ्यांची मजा बघवत नाही. मजा मलाही आली. माझं भांडण त्या 'निरागस' शब्दाशी आहे. आणि त्याच कार्यक्रमाची सुरुवात ज्या दुसऱ्या एका गाण्यानं झाली, त्याच्याशी तर जास्तच आहे. पण त्याच्याकडं मी नंतर येते.

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं. बेळगावात आमच्या गल्लीत केबलची वायर गच्चीगच्चीवरून आली आणि आमच्या डबा टीव्हीवर हॅना-बार्बेराची जुनी जुनी कार्टूनं सुरू झाली. ती जुनी आहेत हे आम्हाला कुठं माहीत होतं! आम्हाला ती कालच काढल्यासारखी वाटायची. खरं तर 'जोसी' अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १२ सप्टेंबर १९७० ला सुरू झाली होती. पहिल्या मालिकेचे भाग फक्त सोळा. पुढं १९७२ मध्ये त्याच मंडळींना अवकाशात पाठवून आणखी सोळा केले. म्हणजे आम्ही जी आमची नव्वदी म्हणून कवटाळून बसलोय, ती मुळात दुसऱ्याच कुणाची तरी सत्तरी होती.

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण. ताटं वाढलेली आणि पडद्यावर त्या तिघी ढोलताशासकट पळताहेत, मागं कुणीतरी वेडा शास्त्रज्ञ नाहीतर जग जिंकायला निघालेला खलनायक. दर भागात तेच. बँड कुठल्यातरी देशात कार्यक्रमाला जाणार, चुकून कुणाच्या तरी कटात अडकणार, मग पळापळ, आणि पळापळीवर गाणं. तांबड्या केसांची जोसी गिटार वाजवायची. मेलडी ड्रम बडवायची; ती भोळसट, पण धोका जवळ आला की तिचे कान हलायचे. व्हॅलेरी खंजिरी वाजवायची, आणि बिघडलेलं यंत्र असो की बंद दार, डोकं तिचंच चालायचं. आम्ही चुलत-मावस मिळून पाच बहिणी. रोज भांडण व्हायचं की आज जोसी कोण. व्हॅलेरी व्हायला कुणी तयार नसायचं. का, ते आम्ही बोललो नाही कधी, पण माहीत सगळ्यांना होतं. ती काळी होती.

झाली ना निरागसता?

आजी आमच्यामागं जपमाळ घेऊन बसायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, आम्हालाही फारसं येत नव्हतं. एकदा तिनं विचारलं, "ते समदं चित्र हाय न्हवं? मग गातंय कोण?" आम्ही हसलो. "त्याच गातात आजी, त्या मांजरी." ती म्हणाली, "चित्राला गळा असतोय व्हय?" आणि परत माळ ओढायला लागली.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला तीस वर्षांनी मिळालं. ते लपवून ठेवलेलं नव्हतं. मीच शोधलं नव्हतं.

मालिकेचं सुरुवातीचं गाणं, ज्यावर आमच्या मैत्रिणी नाचल्या, त्यातला मुख्य आवाज पॅट्रिस हॉलोवे हिचा आहे. लॉस एंजेलिसची काळी मुलगी, जन्म १९५१ चा. म्हणजे मालिका आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिची थोरली बहीण ब्रेंडा हॉलोवे मोटाउन कंपनीची नावाजलेली गायिका. पॅट्रिस नुसती गात नव्हती, लिहीतही होती. 'यू हॅव मेड मी सो व्हेरी हॅपी' हे गाणं १९६७ चं. ते रचणाऱ्या चौघांत ब्रेंडा आणि पॅट्रिस या दोघी बहिणी आहेत. तेव्हा पॅट्रिस सोळा वर्षांची. दोन वर्षांनी 'ब्लड, स्वेट अँड टियर्स' या पुरुषांच्या बँडनं तेच गाणं गायलं आणि ते अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं. गाणं म्हटलं की लोकांना तो बँड आठवतो. बहिणी आठवत नाहीत.

आता कार्टूनची गोष्ट. 'जोसी'च्या संगीताची जबाबदारी डॅनी जॅन्सेन या निर्मात्याकडं होती. त्यानं गाण्यासाठी तीन मुली निवडल्या. त्या चित्रांपुरत्याच न राहता पुढं खऱ्या बँड म्हणूनही लोकांसमोर याव्यात असा बेत होता. कॅथी डॉअर, पॅट्रिस हॉलोवे आणि एक सोनेरी केसांची मुलगी, जी पुढं शेरिल लॅड म्हणून 'चार्लीज एंजल्स'मुळं घराघरांत पोचली. जॅन्सेननं या तिघींना स्टुडिओसमोर नेलं, तर हॅना-बार्बेराचं म्हणणं पडलं, आमच्या मालिकेतल्या तिघीही गोऱ्या असणार आहेत, तेव्हा हिला बदला. लक्षात घ्या, मूळ चित्रकथेत व्हॅलेरी काळीच होती. १९६९ मध्ये चित्रकथेत ती आली तेव्हापासून. टीव्हीवर आणताना तिला गोरं करायचं चाललं होतं. जॅन्सेननं ऐकलं नाही. पॅट्रिस नसेल तर मीही नाही, म्हणाला. तीन आठवडे हे ताणून धरलं, असं नंतर सांगितलं गेलं. शेवटी स्टुडिओ नमला आणि व्हॅलेरी काळी राहिली. अमेरिकेत शनिवारी सकाळी मुलांसाठी लागणाऱ्या कार्टूनमधली ती पहिली कायम पात्र असलेली काळी मुलगी, असं आज जे कौतुकानं सांगितलं जातं, ते असं झालं.

याचा अर्थ मला असा दिसतो. आपण समजतो, आधी चित्र झालं आणि मग त्याला आवाज दिला. व्हॅलेरीच्या बाबतीत उलटं आहे. एका खऱ्या मुलीचा गळा टिकला, म्हणून ते चित्र टिकलं. आणि आम्ही काय आठवणीत ठेवलं? मांजरीचे कान.

बाकीच्यांचीही तीच कथा. जोसी बोलते तो आवाज जॅनेट वाल्डोचा, 'जेटसन्स'मधली जूडी बोलायची ना, तीच. गाताना आवाज तिसरीचाच. जोसी हे नाव तरी कुठून आलं? डॅन डीकार्लो या चित्रकारानं १९६३ मध्ये हे पात्र काढलं, ते आपल्या बायकोवरून. तिचं नाव जोसी. तिची केसांची ठेवण त्यानं घेतली, आणि एकदा बोटीवरच्या पार्टीत तिनं घातलेला मांजरीचा पोशाखही पुढं चित्रात उतरला. म्हणजे आमच्या मैत्रिणींनी स्टेजवर घातलेले ते कान एका खऱ्या बाईच्या हौसेचे. त्या पात्रावर सिनेमा निघतोय म्हटल्यावर डीकार्लोनं हक्क सांगितला, तर प्रकाशकानं चार दशकांच्या माणसाचं काम थांबवलं. कोर्टातही तो हरला. सिनेमा २००१ मध्ये आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला. त्या सिनेमातसुद्धा जोसी झालेली नटी वेगळी, आणि तिच्यासाठी गायलेली के हॅन्ली वेगळी. पुन्हा तेच.

आणि एक, जाता जाता. अलेक्झांड्रा आठवते? केसात पांढरा पट्टा असलेली, कायम तोंड वाकडं केलेली. या बँडमध्ये मी पुढं असायला पाहिजे, याला माझं नाव पाहिजे, असं उघड म्हणणारी ती एकटीच. दर भागात तिची फजिती व्हायची आणि पाठीमागून हसण्याचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. आम्हीही हसायचो. नाव मागणारी बाई म्हणजे हसण्याचा विषय, हे आम्ही ताटावर बसून, वरणभाताबरोबर गिळलं. मी म्हणत नाही की अलेक्झांड्रा चांगली होती. ती खाष्टच होती. पण नाव मागणारी एकच बाई दाखवायची आणि ती खाष्टच दाखवायची, हा काय योगायोग?

"अगं, कार्टून ते, एवढं काय!" हे मला स्नेहसंमेलनानंतर तीन जणींनी ऐकवलं. चौथी म्हणाली, "तुला प्रत्येक गोष्टीत काहीतरी सापडतंयच बघ." असेल. पण हे फक्त कार्टूनपुरतं आणि अमेरिकेपुरतं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याकडची गोष्ट आठवून बघावी. १९४९ चा 'महल'. खेमचंद प्रकाश यांचं संगीत, 'आयेगा आनेवाला' हे गाणं. रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी'. कामिनी कोण? सिनेमात मधुबालानं केलेलं पात्र! म्हणजे चित्रच गातंय. लोकांनी रेडिओला विचारायला सुरुवात केली, ही गातेय कोण, तेव्हा कुठं लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. आमच्या आजीचाच प्रश्न तो. त्याच लताबाईंनी पुढं फिल्मफेअरच्या समारंभात गायला नकार दिला होता, कारण तिथं संगीतकाराला पारितोषिक होतं, गाणाऱ्याला नव्हतं. पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू झालं १९५९ मध्ये, आणि पहिलं त्यांनाच मिळालं. त्या काळातही कुणीतरी म्हणालंच असेल, बाईला नावाची हाव सुटली म्हणून.

आता त्या दुसऱ्या गाण्याकडं येते.

आमच्या कार्यक्रमाची सुरुवात झाली ती एका जुन्या पाळण्यानं. महावीर जयंतीला आपण म्हणतो तो. मंडळाची जुनी कॅसेट आहे, नव्वदीतच काढलेली. कुणाच्या तरी भाच्यानं ती मोबाइलमध्ये घेऊन दिली आणि ती लावली. सभागृहात बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. निवेदिका म्हणाली, "आपल्या मंडळाचा हा अमोल ठेवा." मग ज्या कुटुंबानं त्या वेळी कॅसेटचा खर्च केला त्यांचं नाव घेतलं, आजोबांपासून नातवापर्यंत. टाळ्या.

त्या पाळण्यातला मुख्य आवाज माझ्या थोरल्या मावशीचा आहे. ती चौथ्या रांगेत बसली होती. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. मी बघितलं, तर ती ओठ हलवत होती.

घरी येऊन मी कॅसेटची डबी शोधून काढली. वरच्या कागदावर दातारांची नावं, त्यांच्या दुकानाचा पत्ता, त्यांच्या दिवंगत वडिलांचा फोटो. गायिका म्हणून लिहिलंय, 'महिला मंडळ'. तबला आणि पेटी वाजवणाऱ्या दोघा पुरुषांची नावं मात्र आहेत. अकरा बाया गायल्या होत्या. महिनाभर दुपारची भांडीकुंडी आवरून तालमीला जात होत्या, मावशीनं तर कडेवरचं पोर शेजारी ठेवून. त्या अकरा जणींचं एक नाव झालं, 'महिला मंडळ'.

त्या पाळण्याची आता नवी रेकॉर्डिंग करायचं घाटतंय. मी बैठकीत म्हटलं, या वेळी गाणाऱ्यांची नावं घालूया, आणि जुन्या अकराजणींचीही घालूया. एक वयस्क बाई, ज्यांच्याबद्दल मला आदर आहे, शांतपणे म्हणाल्या, "बाळ, नावाचा सोस बरा नव्हं. मान कषाय वाढतोय त्यानं."

मी गप्प बसले. वयाचा मान ठेवला. इथं मात्र बोलते.

मान हा कषाय आहे, हे मलाही लहानपणापासून पाठ आहे. पण मग तो फक्त गाणाऱ्या बायकांनाच का चिकटतो? आपल्या धर्मशाळेत बघा. पंख्याच्या पात्यावर नाव आहे. पाण्याच्या टाकीवर आहे. पायरीवर आहे, ज्यावर आपण पाय देऊन जातो. अभिषेकाची बोली लागते तेव्हा आकडा आणि आडनाव लाउडस्पीकरवरून तीनदा सांगतात. तिथं मान कषाय वाढत नाही काय? संगमरवराच्या पाटीला एक न्याय आणि बाईच्या गळ्याला दुसरा, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला कुणीतरी दाखवावं, मी वाचेन. नाव घालायचंच नसेल तर कुणाचंच घालू नका, आधी पंखे पुसून काढू. शिडी मी आणते.

दुसरी एक म्हणाली, "पण त्यांनी पैसे दिले की गं." दिले, खरंय. त्यांच्याशिवाय कॅसेट झाली नसती, आणि त्यांचं नाव काढा असं मी म्हटलेलंच नाही. पण या बायकांशिवाय काय निघालं असतं? कोरी कॅसेट. ती बाजारात तयार मिळायची.

तिसरी म्हणाली, आणि हे मला सगळ्यात लागलं, "त्या स्वतः कधी मागत नाहीत." हो. मागत नाहीत. मागणारीचं काय होतं, ते त्यांनी बघितलंय. आपण त्यांना पन्नास वर्षं अलेक्झांड्रा दाखवत आलोय.

गोडगोड आठवण काढणं वाईट नाही. पण ती काढताना आपण काय घेतो आणि काय टाकतो, ते बघितलं पाहिजे. कान घेतो, शेपटी घेतो, पाळण्याची चाल घेतो, डोळ्यांत पाणी आणतो. गळा ज्याचा, तो माणूस टाकतो, कारण माणूस आठवला की हिशेब आठवतो. पॅट्रिस हॉलोवे २००६ मध्ये वारली, पंचावन्न वर्षांची. त्या वेळी आमच्या घरी तो टीव्ही माळ्यावर गेला होता, आणि आम्ही पाची बहिणी कुठल्याही लग्नात भेटलो की ते गाणं गुणगुणत होतो. तिचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. हे अमेरिकेतल्या स्टुडिओनं केलं नाही. जॅन्सेनच्या हट्टामुळं तिचं काम टिकलं होतं, नावही नोंदलेलं होतं. न विचारणाऱ्या आम्ही होतो.

मावशीला मी विचारलं, "तुझं नाव लिहू का माझ्या लेखात?" ती चुलीपाशी नाही, गॅसपाशी, भाकरी थापत होती. "नको," म्हणाली. मी म्हटलं, "तूही मान कषायच सांगणार काय?" ती हसली. "तसं न्हाई. माझं एकटीचं घातलीस तर बाकीच्या दहाजणी 'महिला मंडळ'च राहतील की गं. सगळ्यांची मिळाली तर घाल. न्हाईतर नको."

म्हणून या लेखात तिचं नाव नाही.

आम्ही दोघींनी कॅसेट लावून, थांबवून, मागं घेऊन यादी करायला घेतली आहे. रविवारी दुपारी बसतो. आठ नावं झाली. त्यातल्या दोघी आता नाहीत, त्यांच्या घरी जाऊन मी विचारून आले, मुलांना आईनं कॅसेटमध्ये गायलंय हेच माहीत नव्हतं. एकानं मोबाइलवर पाळणा तीनदा ऐकला आणि मग म्हणाला, "कुठला आवाज आईचा, ते सांगा की." मावशीनं फोनवरून सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही.

तीन राहिल्या आहेत. दोघींचे आवाज धृपदात मिसळून गेलेत, त्यांचा पत्ता लागणं अवघड आहे. तिसरी चौथ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला एकटीच वर चढते आणि एका ठिकाणी श्वास अपुरा पडल्यासारखी अडखळते. मावशीच्या आठवणीत ती निपाणीकडून आलेली नवी सून होती, हिरव्या चुड्यासकट तालमीला यायची, आणि त्या वेळी तिला तिसरा महिना होता. वर्षभरात नवऱ्याची बदली होऊन ती मंडळी हुबळीला गेली. कुणाला ती आठवत असेल तर मला कळवा. मंडळाला कळवू नका, मला कळवा.